बिनडोळ्यांचे देश

क्वेक आंटींच्या घरातले सगळे प्राणी आंधळे होते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती आमच्या घरातलं पाणी त्यांच्या दारापर्यंत वाहत गेलं म्हणून. सिंगापुरात बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. वॉशिंग मशीनची नळी निसटली होती. माझा नवरा अनिरुद्ध जहाजावर इंजिनिअर, त्यामुळे असल्या प्रसंगी तो नेहमी कुठल्यातरी समुद्रात असतो. मी फडकं-बादली घेऊन 'सॉरी, आंटी' म्हणत शेजारच्या उंबऱ्याशी वाकले, तर लोखंडी जाळीच्या दारामागे पुरुषी शर्ट घातलेली एक सडपातळ बाई उभी होती. सत्तरीच्या आसपासची. डावी पापणी जराशी खाली उतरलेली, त्यामुळे ती एका डोळ्याने आपल्याकडे बघतेय आणि दुसऱ्याने काहीतरी आठवतेय, असं वाटायचं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "आतही आलंय पाणी."

स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली होती आणि दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी कागद अडकवले होते. एकावर ससा, एकावर गरुड, एकावर अस्वल, एकावर हत्ती. शाई अजून ओली होती. सशाच्या मिशा आत्ता हलतील अशी रेषा. पण डोळ्यांच्या जागी नुसता कोरा कागद. मी खाली बसून फरशी पुसत होते आणि मला सारखं वाटत होतं, की मागून कुणीतरी आपला वास घेतंय. बघत नव्हतं कुणी. वास घेत होतं.

"हे पूर्ण व्हायचेत का अजून?" मी विचारलं.

"झालेत."

"मग डोळे?"

"डोळे मी देत नाही, लाह," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन स्वतः पिळायला लागल्या.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत. इथे मी ते मराठीत सांगतेय, फक्त वाक्याच्या शेपटीला लागणारं 'लाह' तेवढं ठेवलंय. ते काढलं तर आंटी उरणारच नाहीत. माझं नाव सुनंदा. त्यांनी त्यातलं पहिलं अक्षर ठेवलं आणि बाकीचं टाकून दिलं. "सू हे आमच्यातलं आडनाव आहे. आता तू थोडी आमची," असं म्हणाल्या. तेव्हापासून मी सू.

त्यांची सारी नोकरी एका चिनी वर्तमानपत्रात गेली. पानाच्या कोपऱ्यातली छोटी व्यंगचित्रं काढायच्या, पण खाली सही कधी केली नाही. लग्न केलं नाही. पाया लेबार भागात एक भाची, ती रविवारी सूप घेऊन यायची. बाकी घरात माणूस नाही. सकाळी खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतून, काळी कॉफी आणायच्या, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी दाराच्या जाळीला लटकवून ठेवायच्या आणि जाता-येता एकेक घोट घ्यायच्या. कॉफी दिवसभर पुरायची. चपला दारात नेहमी बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवलेल्या, आत्ता कुणी बोलावलं तर निघायची तयारी असल्यासारख्या.

निवृत्त झाल्यावर त्यांना नवं काम मिळालं. चिनी इंटरनेटवर देशांना प्राणी करून काढलेल्या चित्रकथा फार चालतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. ससा म्हणजे चीन. गरुड म्हणजे अमेरिका. अस्वल रशिया.

"ससा का?" मी विचारलं. "मला वाटलं ड्रॅगन असेल."

"ड्रॅगन दुसऱ्यांनी काढायचा. स्वतःला काढताना सगळे ससाच काढतात. मऊ, पांढरा, कुणाचं काही न बिघडवलेला. शिवाय आमच्या भाषेत ससा आणि कॉम्रेड हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात."

"आणि हत्ती?"

"हत्ती तू."

मला आधी बरंच वाटलं. हत्ती म्हणजे चांगलंच की! पण त्यांनी मोबाइलवर दुसऱ्या कुणीकुणी काढलेले भाग दाखवले, तर त्यांत आमचा हत्ती फुगलेल्या पोटाचा, नाचणारा आणि नाचता नाचता आपटणारा. आंटींचा हत्ती तसा नव्हता. लहानपणी त्यांच्या कंपाँगजवळ, म्हणजे तेव्हाच्या इथल्या पत्र्याच्या घरांच्या वस्तीजवळ, एक सर्कस उतरली होती. तिच्यातल्या हत्तीचा डावा कान फाटलेला होता. तो दिवसभर जागच्या जागी डुलत उभा असायचा. तोच हत्ती त्या काढायच्या, फाटक्या कानासकट.

हे काम त्यांना देणारा माणूस म्हणजे मिस्टर गाओ. तिशीतला, चीनच्या मुख्य भूमीवरून आलेला, बुओना व्हिस्टाला काचेच्या एका इमारतीत त्याचा स्टुडिओ. तो आंटींना 'क्वेक लाओशी' म्हणायचा, लाओशी म्हणजे गुरुजी. आणि दारात बूट काढताना खरोखर कमरेत वाकायचा. त्याची तक्रार एकच असायची.

"लाओशी, हत्ती फार शहाणा दिसतोय."

"मग तू मूर्ख कर. तुझ्याकडे मुलं आहेत ना डोळे काढायला? मूर्खपणा डोळ्यांतच असतो."

आणि तो हसत कागद गुंडाळून न्यायचा. डोळे स्टुडिओतली मुलं भरायची. आंटींच्या हातचा एकही कागद डोळे घेऊन त्या घराबाहेर पडला नव्हता.

त्यामागचं कारण त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. बाहेर असा पाऊस लागला होता, की समोरचा ब्लॉक दिसेना. मी भाकरी भाजून त्यांच्याकडे घेऊन गेले होते. भाकरी त्यांना आवडायची. लोणी लावून, वर सोया सॉस घालून खायच्या. मी तिकडे न बघायला शिकले होते.

"मी वर्तमानपत्रात नवी होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा एका देशावर सगळे चिडले होते. कुठला ते सोड. संपादक म्हणाले, लांडगा काढ. मी काढला. डोळ्यांसकट काढला. सगळे म्हणाले, वा, काय डोळे आहेत! आमच्या गल्लीत त्या देशाचा एक म्हातारा होता, घड्याळं दुरुस्त करायचा. मला लहानपणी मोडकी चाकं द्यायचा खेळायला. चित्र छापून आलं आणि गल्लीतली पोरं त्याच्या दुकानासमोर उभी राहून लांडग्यासारखी ओरडायला लागली. मी एकदा तिथून जात होते, तर त्याने मला आत बोलावलं. समोर वर्तमानपत्र पसरलं होतं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, 'मुली, तुझ्या लांडग्याला माझे डोळे आहेत.'"

"खरंच होते?"

"मी नीट बघितलं. होते. मला माहीतच नव्हतं, सू. मला वाटलं मी मनातून काढले. मनात डोळे नसतात. डोळे कुणाचे तरी घ्यावे लागतात."

"मग त्याचं काय झालं?"

"त्याने दुकान बंद केलं. गेला कुठेतरी. जायच्या आधीच त्याला दिसेनासं झालं होतं म्हणे. घड्याळवाल्याला." त्यांनी बोटावरचा सॉस चाटला. "म्हातारा होता. होतं असं."

असं काही सांगून झालं की त्या लगेच दुसऱ्या कामाला लागायच्या. त्या दिवशी माझी ताटली घासायला घेतली.

त्याच वर्षी गणपतीला मी त्यांना घरी बोलावलं. आमची मूर्ती पेणहून येते, कुणाच्या तरी सामानातून, तीन स्वेटरांत गुंडाळून. घरात वीसेक मराठी माणसं, आरतीचा गलका. माझी मुलगी ईरा झांजा वाजवत होती. आंटी आल्या आणि मूर्तीसमोर जाऊन उभ्या राहिल्या त्या हलेचनात. आरती संपली, प्रसाद वाटून झाला, तरी तिथेच.

"याचे डोळे कुणी काढले?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी सांगितलं, की मूर्ती घडवणारे बरेच असतात, पण डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा, आणि ते काम सगळ्यात शेवटी.

"आणि मग?"

"मग आम्ही त्याच्यात प्राण आणतो. मंत्र म्हणून. आणि नंतर विसर्जन करतो, पाण्यात."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "परत सोडता ना! हे बरोबर आहे. डोळे दिले तर परत सोडायला पाहिजे." मग मोदक खाल्ला, दुसरा रुमालात बांधून घेतला आणि गेल्या.

पुढच्या काळात त्यांचा हात कापायला लागला. आधी कॉफीची पिशवी धरताना, मग ब्रश धरताना. त्यांनी गाओला सांगून टाकलं, की आता पुरे. गाओ संत्री घेऊन आला, खूप वेळ बसला, वाकून गेला. दोरी काढली गेली. स्वयंपाकघर एकदम मोठं दिसायला लागलं. मला वाटलं, संपला तो अध्याय.

मग हिमालयात भारत-चीन सीमेवर पुन्हा कुरबुर सुरू झाली. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दिवसभर तेच. त्यात एका सकाळी कुणीतरी एक चित्र टाकलं, खाली रागाच्या तोंडांची रांग. बर्फाच्या उतारावरून हत्ती गडगडत खाली येतोय आणि वर उभा राहून ससा चहा पितोय. मी ऑफिसला निघाले होते, बिशान स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर होते. चित्र मोठं करून बघितलं. हत्तीचा डावा कान फाटलेला होता.

संध्याकाळी तडक आंटींच्या दारात गेले. फोन पुढे केला. "आंटी, हे तुम्ही काढलंत?"

त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हत्ती माझा आहे," त्या म्हणाल्या. "पण मी काढलेला नाही."

"म्हणजे?"

"रेघ माझी आहे. हा पाय बघ, असा पाय मीच काढते. पण माझ्या हाताने कप धरवत नाही, सू."

त्यांनी तिथल्या तिथे गाओला फोन लावला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, पुन्हा संत्री घेऊन, आणि खरं सांगायचं तर खूश होऊन आला. आंटींनी मला मुद्दाम बसवून घेतलं होतं आणि त्याला माझ्यासाठी इंग्रजीत बोलायला लावलं. त्याने सांगितलं, की इतक्या वर्षांत आंटींनी दिलेले सगळे मूळ कागद स्टुडिओने कॉम्प्युटरला शिकवले होते. आता कॉम्प्युटर आंटींच्या हाताने काढतो. काय हवं ते लिहायचं, की चित्र तयार.

"तुमचा हात आता कधी थकणार नाही, लाओशी," तो म्हणाला. त्याला तो मान वाटत होता. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधूनही सापडली नाही.

आंटींनी एकच विचारलं. "डोळे कुणी काढले?"

गाओ पुढे सरकला. "तेच मला सांगायचं होतं. कुणीच नाही. तुमचे कागद डोळ्यांशिवायचेच होते, आम्ही तेच शिकवले. डोळे मुलं भरणार होती. पण चित्र आलं ते डोळ्यांसकट आलं. किती छान आलेत, बघा ना."

त्याने टॅबलेट टेबलावर ठेवला आणि एकेक चित्र सरकवत गेला. ससा, गरुड, अस्वल, हत्ती. गडगडणारा हत्तीसुद्धा चित्रातल्या कुणाकडे बघत नव्हता. सगळे सरळ बाहेर बघत होते, बघणाऱ्याच्या तोंडाकडे. आणि सगळ्यांची डावी पापणी जराशी खाली उतरलेली होती.

मी आंटींकडे बघितलं. त्यांनी टॅबलेट उपडा घातला.

"संत्री घेऊन जा," त्या गाओला म्हणाल्या. एवढंच.

त्यानंतर जे झालं ते मला नीट समजावून सांगता येणार नाही. झालं तसं सांगते. आंटींना कमी दिसायला लागलं. भाची त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, वयाचा आजार, मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. त्यात विचित्र काही नव्हतं. विचित्र होतं ते त्यांना जे दिसायला लागलं ते.

"चेहरे दिसतात," एकदा दुपारी त्या मला म्हणाल्या. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी गवत कापत होतं, त्या मशीनचा आवाज येत होता. "खालून. म्हणजे मी खाली असते आणि चेहरा वरून वाकलेला असतो. एक मुलगा बसमध्ये आहे, नूडल्स खातोय. एक बाई पलंगावर. एक म्हातारा, त्याचे दात नाहीत. सगळे हसतात माझ्याकडे बघून. तू हसणारा चेहरा खालून बघितलायस कधी, सू? बघू नको."

मी म्हटलं, स्वप्नं असतील, औषधांनी पडतात. त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याने दाढी वाढवलीय."

"नाही हो. त्याला दाढी आवडत नाही."

"वाढवलीय. खिडकी गोल आहे. तिच्यावर लाल टॉवेल लावलाय. तो हसत नव्हता. तो एकटाच चिडला होता."

अनिरुद्ध तेव्हा ब्राझीलच्या वाटेवर होता. जहाजावर इंटरनेट बेताचं, आमचं बोलणं आठवड्यातून एखाद्या वेळी आणि तेही नुसत्या आवाजाचं. पुढचा फोन आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दाढी कशी आहे?"

"तुला कुणी सांगितलं? मी घरी येऊन तुम्हाला चकित करणार होतो."

"आणि केबिनच्या खिडकीला काय लावलंयस?"

"टॉवेल. ऊन येतं म्हणून. सुनंदा, काय झालंय?"

"रंग कुठला?"

"लाल. अगं, काय झालंय?"

मी त्याला विचारलं, की तो हत्तीचा फॉरवर्ड तू बघितलास का. हो, म्हणाला, केबिनमध्ये बसून बघितला, डोकंच फिरलं.

मी फोन ठेवला आणि ईराच्या हातातला मोबाइल काढून घेतला. ती कुठलंसं गाणं ऐकत होती. "व्हाय लाह, आई?" म्हणून ती रडकुंडीला आली. त्यानंतर कितीतरी दिवस मी फोन टेबलावर पालथाच ठेवत असे.

आंटींना मी दाढीचं खरं निघाल्याचं सांगितलं. वाटलं होतं, त्या घाबरतील. त्या उलट थोड्या ताठ बसल्या, आजाराचं निदान झाल्यावर माणूस बसतो तशा.

"म्हणजे ते डोळे माझेच आहेत," त्या म्हणाल्या. "घड्याळवाल्याचे मी घेतले. माझे त्या मशीनने घेतले. बरोबर आहे." मग उठून उभ्या राहिल्या. "मला तुझ्या गाडीतून गाओकडे ने."

माझ्याकडे गाडी नव्हती, सिंगापुरात ती कुणाला परवडते! टॅक्सीने गेलो. काचेच्या त्या इमारतीत थंडी होती. मुलंमुली कानाला हेडफोन लावून बसलेली. आंटी आत आल्या तशी सगळी उठून उभी राहिली. मोठ्या पडद्यावर उद्याचा भाग लावलेला होता. भिंतीएवढा ससा, त्याचे भिंतीएवढे डोळे. आंटींना समोरचं दिसत नव्हतं, म्हणून त्या मान वळवून कडेने बघत होत्या. आणि मी शपथेवर सांगते, की पडद्यावरचा ससाही मान वळवून बघत असल्यासारखा वाटत होता.

"बंद कर हे," त्या म्हणाल्या.

गाओ कासावीस झाला. "लाओशी, माझ्या हातात नाही. वरचे लोक आहेत. लोकांना हे डोळे फार आवडतायत. असे डोळे कुणीच काढत नाही म्हणतात. तुम्ही दुसरं काहीही सांगा."

आंटींनी विचार केला. "मग मला पुन्हा काम दे," त्या म्हणाल्या. "मी नवी चित्रं काढीन. सगळ्या देशांची. ती त्याला शिकव. जुनी जुनी चित्रं शिकून किती दिवस चालवणार?"

गाओच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तिथेच वाकला.

स्वयंपाकघरात पुन्हा दोरी बांधली गेली. मी संध्याकाळी ऑफिसमधून येताना कागद आणून द्यायचे, शाई कालवून द्यायचे. त्यांना कागदाचा मध्य दिसत नव्हता, पण हाताला सगळं पाठ होतं. कान कुठे, सोंड कुठे, पंख किती मिटायचा. हात कापायचा, त्याला त्यांनी इलाज केला नाही. आणि यावेळी त्यांनी डोळे काढले. ससा कुशीवर निजलेला. गरुडाने पंखात चोच खुपसलेली. अस्वल पाठीवर पडलेलं, पंजे वर. हत्ती उभाच, पण सोंड जमिनीला टेकलेली. प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी एकेक रेघ, खाली झुकलेली. हात कापल्यामुळे रेघ थरथरलेली होती, त्या थरथरीच्या आपोआप पापण्या झाल्या होत्या.

"मिटलेला डोळा कुणाचा घ्यावा लागत नाही," त्या म्हणाल्या. "तो सगळ्यांचा सारखाच."

दोरी भरली की गाओचा माणूस येऊन कागद घेऊन जायचा. पुन्हा दोरी भरायची. घरभर झोपलेले प्राणी. तिथे बसलं की मला जांभया यायच्या. जाळीचं दार लावताना मी आवाज होऊ द्यायचे नाही; माझं मलाच नंतर लक्षात आलं.

मग एक दिवस ईरा शाळेतून आली आणि म्हणाली, की आंटीची कॉमिक आता 'सो वीअर्ड' झालीये. वर्गातल्या चिनी मुली दाखवत होत्या. परिषदेचं टेबल मांडलंय, झेंडे लावलेत आणि सगळे देश टेबलावर डोकी ठेवून झोपलेत. पहिल्यांदा लोकांना तो विनोद वाटला. दुसऱ्या भागात समुद्रात जहाजं समोरासमोर आली होती आणि डेकवर ससाही झोपलेला, गरुडही. तिसऱ्यात पुन्हा बर्फाचा डोंगर होता. हत्ती आणि ससा एकमेकांना टेकून झोपले होते. त्यावर दोन्हीकडून शिव्या पडल्या.

गाओ आला तेव्हा संत्री नव्हती. बूटही त्याने काढले नाहीत, मग आठवण होऊन परत दारात जाऊन काढले. खुर्चीवर न बसता आंटींच्या पायांशी जमिनीवर बसला.

"लाओशी, त्यांना उठवा."

"मी कशी उठवू? ते तुझ्या मशीनमध्ये आहेत."

"मी लिहितो, डोळे वटारलेला गरुड. झोपलेला येतो. मी लिहितो, धावणारा ससा. धावण्याऐवजी झोपलेला येतो. आम्ही त्या प्रोग्रॅमची जुनी प्रत काढली, तुमच्या या चित्रांच्या आधीची, जिला हे काही शिकवलेलंच नाही." त्याने ओठ ओले केले. "तीही झोपलीय."



"ऑफिसमध्ये आता कुणी मोठ्याने बोलत नाही," गाओ म्हणाला. "कुणी सांगितलं नाही, पण बोलत नाही. मीसुद्धा."

आंटींनी चाचपडत हात पुढे केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. "थकले असतील रे. किती वर्षं भांडतायत. तूही घरी जा, लाह. झोप."

तो खरंच गेला, थोड्या महिन्यांनी, त्याच्या गावी. स्टुडिओने आंटींची रेषा सोडून दिली. जगाचं काही अडलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचा ससा आला, टपोऱ्या चकचकीत डोळ्यांचा, आणि दुसरा हत्ती पुन्हा नाचायला आणि पडायला लागला. ते डोळे कुणाचे आहेत, मला माहीत नाही. मी बघत नाही.

आंटींना चेहरे दिसायचे बंद झाले. "गेले सगळे," म्हणाल्या. "आता काळोख आहे. गार वाटतंय." दिसणंही जवळजवळ तिथेच संपलं. भाचीने त्यांना पाया लेबारला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. सामान फारसं नव्हतं. लिफ्टमध्ये शिरताना त्यांनी माझा दंड चाचपला आणि म्हणाल्या, "सू, तू भात जास्त खातेस." शेजारचा फ्लॅट एका तरुण जोडप्याने घेतला. त्यांनी स्वयंपाकघर फोडून नवं केलं.

त्यानंतर आंटी मला एकदाच दिसल्या.

बिशानच्या पार्कातून नदी वाहते. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी तिथे फिरायला जाते. त्या दिवशी पाण्याकाठच्या बाकावर मला त्यांचा पुरुषी शर्ट दिसला. भाची जरा लांब फोनवर बोलत होती. मी हाक मारणार, एवढ्यात पाण्यातून पाणमांजरांचं कुटुंब वर आलं. ती तिथे नेहमीचीच आहेत, लोक फोटो काढायला थांबतात. त्या दिवशीही थांबले, पण चार पावलं मागे सरून. आंटींना कुणी सांगितलं नाही. ओली, काळसर, चकचकीत अंगं बाकाच्या दोन्ही बाजूंनी आवाज न करता जात होती. त्यांतलं एक थांबलं. त्याने पुढचे दोन्ही पाय आंटींच्या चपलेवर ठेवले आणि मान वर करून उभं राहिलं.

आंटी दचकल्या नाहीत. खाली वाकल्या आणि त्यांच्या घरातल्या चिनी बोलीत काहीतरी बोलल्या, मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं. पाणमांजराने चिरक्या आवाजात काहीतरी उत्तर दिलं, मग ते इतरांच्या मागे धावलं आणि पाण्यात गेलं. आंटी वाकलेल्याच राहिल्या, कान नदीकडे करून.

मी भाचीला विचारलं, काय म्हणाल्या?

ती हसली. "आमच्याकडे म्हाताऱ्या रस्त्यातल्या पोरांना विचारतात ना, तसं विचारलं. कुणाच्या घरचं रे तू?"